रविवारबाईची बढती

आमच्या गल्लीत एखादी बातमी घरोघर पोहोचवायची असेल तर फार खटाटोप करावा लागत नाही. बेकरीसमोरच्या बाकावर बसायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, "कुणाला सांगू नका हं." पाव थंड व्हायच्या आत काम झालेलं असतं. बेकरी माझ्या भाच्याची. बाकही त्याचाच, पण त्यावर दुसरं कुणी बसलं तर तो म्हणतो, "सरका जरा, मामांची यायची वेळ झाली." तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं किंवा खात्रीच्या माणसाकडून ऐकलेलं आहे. थोडंसं भिंतीपलीकडून कानावर पडलेलंही आहे, पण त्यात भिंतीचा दोष.

बेकरीच्या वरच्या मजल्यावर सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षांचा क्लास चालतो. या परीक्षा दोन. एक अख्ख्या देशाची, एक आपल्या राज्याची. पोरं-पोरी वरून डोकी तापवून खाली उतरतात, चहात टोस्ट बुडवतात आणि एकच वाद घालतात.

"केंद्राची सेवा ती केंद्राची सेवा. तिशी यायच्या आत जिल्हा हातात."

"आणि तो जिल्हा कुठे? जिथे पाणी मागायचं तरी शब्द शोधावा लागेल. आई इकडे आजारी पडली तर तू तिकडे."

"मग काय राज्याची परीक्षा देऊन जन्मभर कुणा केंद्रवाल्याच्या डाव्या हाताला बसू?"

"बस की. घरापासून चार तासांवर तर बसशील."

हा वाद मी इतकी वर्षं ऐकतोय की परीक्षा द्यायला माझीही हरकत नाही, फक्त वय आडवं येतं. एकदा एका पोरीने भाच्यालाच गाठलं. "काका, तुमच्या तर घरातच अधिकारी आहे. तुम्ही सांगा, कोणती बरी?"

भाचा भट्टीतून पावाचे पत्रे ओढत होता. मान वर न करता म्हणाला, "मला काय विचारता. मी लग्न राज्य सेवेशी केलंय. केंद्र सेवा मी फक्त पेपरात पाहिली."

ती घरातली अधिकारी म्हणजे माझी भाचेसून. कामाच्या गावी तिला मॅडम म्हणतात, गल्लीत रविवारबाई. कारण ती गल्लीला दिसते ती रविवारी. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायची, रविवारी दुपारी निघायची. एवढ्यात कपडे धुणं, सासूची विचारपूस, नवऱ्याची हजेरी आणि माझी खरडपट्टी, सगळं उरकायची. मधल्या सहा दिवसांत ती कुठे असते हे सांगायला मला नकाशा लागायचा. दर दोन-तीन वर्षांनी बदली. बदली राज्यातल्या राज्यातच असायची हे खरं, पण राज्याला दोन टोकं असतात, आणि बदली करणाऱ्यांना नेमकं दुसरं टोक आवडायचं.

पोरवयात ती याच क्लासमध्ये होती. केंद्राची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मुलाखतीपर्यंत पोहोचली, दोन्ही वेळा यादीच्या अगदी तळाशी येऊन हुकली. तिचे वडील म्हणाले, "हत्ती गेला, आता शेपटासाठी रडू नकोस. राज्याची आहे ना, ती धर." राज्याच्या यादीत ती वरच्या पाचांत होती. तिने ती धरली. त्याच वर्षी खालच्या बेकरीवाल्याशी लग्नही केलं, कारण दोन वर्षं तो वर फुकटचा चहा पाठवत होता आणि हे तिच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. अभ्यासात हुशार म्हणून सगळीकडेच हुशार असतं असं नाही.

लग्नावर आमच्या नात्यात काय काय बोललं गेलं ते विचारू नका. बायको साहेब आणि नवरा पीठ मळणारा. एका आत्याबाईंनी तर पैज लावली होती की हे वर्षभरही टिकायचं नाही. त्या गेल्या, संसार राहिला. पण तो राहिला दोन गावांत. तिची बदली एका ट्रंकेत मावायची, याची भट्टी काही ट्रंकेत बसत नव्हती. मुलगी झाली, ती माझ्या बहिणीने सांभाळली, शिकून नोकरीला लागून दूर गेलीसुद्धा. आणि नवरा-बायकोचं एक ठरलेलं वाक्य होतं. दर रविवारी निघताना ती म्हणायची, "अठ्ठावन्न पुरी झाली की एक दिवस जास्त नाही. सामान उचलणार आणि घरी येणार." तो म्हणायचा, "वाट बघतोय."

तीस वर्षं तो वाट बघत होता. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं तेव्हा मध्येच धाकटे साहेब आले.

हे धाकटे साहेब केंद्र सेवेतले. घर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. कोवळा पोरगा म्हणून तिच्या हाताखाली काम शिकायला आला होता, तेव्हा आपली भाषा तो पुस्तकातून वाचल्यासारखी बोलायचा. शिपायाला म्हणायचा, "कृपया मला एक पेला जल देण्यात यावे." शिपाई बिचारा पळत मॅडमकडे आला, म्हणाला, साहेब रागावलेत, लेखी मागतायत. हिने त्या पोराला बोलायला शिकवलं, जमिनीचे नकाशे वाचायला शिकवलं, मोर्चा आला की खिडकीत उभं राहायचं नाही, खाली पायरीवर जायचं हे शिकवलं. मग तो गेला, फिरला, मोठा झाला आणि दहा-बारा वर्षांनी पुन्हा आला, तो हिचाच वरिष्ठ होऊन. अख्खा जिल्हा त्याचा. ही त्याच्या डाव्या हाताला.

आल्या दिवशी बैठकीत एक गंमत झाली. ही दारातून आत आली तसा तो जुन्या सवयीने उठून उभा राहिला. आता जिल्ह्याचा मुख्य उभा राहिला म्हटल्यावर बाकीचे बसून कसे राहतील? सगळी खोली उभी राहिली. हिला वाटलं, आपल्या मागून कुणी मंत्री येतोय, म्हणून ही बाजूला सरून दाराकडे तोंड करून उभी. दारात कुणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघतायत, बसायचं कुणी आधी हे कुणालाच कळेना.

एक रीत मात्र सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. मुख्य साहेब रजेवर गेले की जिल्ह्याचा कारभार राज्य सेवेतला सर्वांत जुना अधिकारी बघतो. सह्या तो करतो, बैठका तो घेतो, शिव्याही तोच खातो. पण साहेबांच्या खुर्चीत तो बसत नाही. टेबलाच्या कडेला एक साधी खुर्ची ठेवलेली असते, तिच्यावर बसून हे सगळं करायचं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. कुणी कुणाला सांगतही नाही. पण मोठी खुर्ची रिकामी आणि कडेच्या खुर्चीवरून जिल्हा चाललेला, असं दृश्य तिथल्या भिंतींनी पुष्कळ पाहिलंय. माझ्या भाचेसुनेने निम्मी नोकरी त्या कडेच्या खुर्चीवर काढली. एकदा नदीला पूर आला तेव्हा आठवडाभर तिथूनच गावं हलवली. नंतर पेपरात फोटो आला तो रजेवरून परतलेल्या साहेबांचा.

आता दर वर्षी राज्य सेवेतल्या थोड्या जुन्या माणसांना केंद्राच्या सेवेत उचलून घेतात. मुलाखत होते, यादी लागते. नाव आलं की माणूस एका दिवसात केंद्राचा होतो. जिल्हा मिळतो, मोठी खुर्ची मिळते. आणि निवृत्ती अठ्ठावन्नला नाही, साठला. धाकट्या साहेबांनी हिला न विचारता हिचं नाव पाठवलं. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

कळल्यावर ती त्यांच्यावर भडकली. तेव्हा ते एका रविवारी थेट बेकरीत आले. साधा शर्ट घालून, गाडी कोपऱ्यावर ठेवून. माझ्याच बाकावर बसले.

"मॅडम, रागावू नका. तुम्हाला जिल्हा मिळायला हवा होता तेव्हा मी शाळेत होतो."

"साहेब, मला आता घरी जायचंय. यांना शब्द दिलाय मी."

भाच्याने पावाचे पत्रे मोजल्यासारखं केलं. मोजण्यासारखं काही नव्हतं.

"आणि खरं सांगू का," ती म्हणाली, "केंद्रवाल्यांचं बरं असतं, पण ते तुम्हा लोकांना शोभतं. मान तुमचा, गाडी तुमची, देशभर ओळखी तुमच्या."

साहेबांनी चहा ढवळला. "माझी आई रोज फोन करते, मॅडम. नातीला विचारते, जेवलीस का. माझ्या मुलीला तो प्रश्न कळत नाही. तिला आजीची भाषा येत नाही. मग मी मध्ये उभा राहून सांगतो, आजी विचारते जेवलीस का. रोज." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सगळे मोठ्या खुर्चीचं बोलता. तुमच्या मॅडम शनिवारी गाडीत बसल्या की रात्री घरी असतात. मी दोन वर्षं झाली गेलो नाही."

भाच्याने न विचारता त्यांना पाव बांधून दिले. पैसे मागितले नाहीत, आणि हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

साहेब गेल्यावर भाचा म्हणाला, "जाऊन तर ये मुलाखतीला. पोरवयात दोनदा दार ठोठावून आलीस, आता त्यांनी आतून हाक मारलीय. निवड झाली तर बघू."

"झाली तर मी नाही म्हणणार. तुम्हाला शब्द दिलाय."

"बरं."

मुलाखतीच्या तयारीसाठी तिने आठ दिवसांची रजा काढली आणि घरी आली. लेक झाली तेव्हाच्या बाळंतपणानंतर ती सलग एवढे दिवस घरी कधी राहिलीच नव्हती. भाचा खूश. मला म्हणाला, "मामा, निवृत्तीनंतर कसं असेल त्याची चव तरी कळेल." चव कळली.

पहिल्या सकाळी पाव भट्टीतून निघाले आणि नेहमीसारखी माणसं दुकानापुढे गोळा झाली. आमच्याकडे रांग नसते. सगळे एकदम बोलतात, भाचा ज्याचं त्याला देतो, कधी चूक होत नाही. ही घरातून पुस्तक घेऊन दुकानात आली, दोन मिनिटं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे दोरी बांधलेली. पावाची रांग वेगळी, बिस्किटांची वेगळी. निवृत्त हेडमास्तरीणबाईंना पहिला पाव द्यायची चाळीस वर्षांची पद्धत, त्या रांगेत पंधराव्या उभ्या. शिंप्याला पाव आणि बिस्किटं दोन्ही हवी होती, तो दोन्ही रांगांच्या मधोमध उभा राहून विचारत होता, "माझा अर्ज कोणत्या खिडकीला?"

तिसऱ्या दिवशी तिने कारागिराला विचारलं की कणीक किती वाजता मळली, आंबायला किती वेळ ठेवली आणि जबाबदार कोण. कारागीर पंचवीस वर्षं तिथे आहे. त्याने हात पुसले आणि भाच्याकडे जाऊन हळूच म्हणाला, "मालक, माझी बदली करा."

चहाचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आला. साखरेच्या जागी मीठ गेलं नाही एवढंच नशीब. दुपारी भाचा पिठाच्या पोत्यांना टेकून अर्धा तास डोळे मिटतो, ही त्याची तीस वर्षांची चैन. तिने पाहिलं आणि काळजीने विचारलं, "बरं नाही का वाटत?" त्यानंतर तो पोत्यांना टेकेना. भट्टीशी बोलायचंही त्याने बंद केलं. एकटा माणूस, त्याला सवय, पत्रा आत सरकवताना म्हणायचा, "घे बाई, जपून घे." आता बायको ऐकतेय म्हटल्यावर भट्टीलाही वाईट वाटलं असणार.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. पाणी प्यायला. पंखा बघत बसला. मग म्हणाला, "मामा, हे कुणाला सांगू नका."

"माझ्या पोटात सगळं राहतं," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर लाजला असता.

"तिला ती मोठी खुर्ची मिळू दे, मामा. माझा जीव आहे तिच्यावर. रविवारची मी अजून वाट बघतो, शनिवारी दाढी करतो. पण रोज... मला तिच्यासमोर जांभई द्यायची चोरी झालीय. माझ्याच दुकानात मी हाताखालचा झालोय. आणि हे तिला सांगू कसं? ती माझ्यासाठी सगळं सोडून यायला निघालीय."

मी मूग गिळले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. तीच खुर्ची, तोच पंखा.

"मामा, मनात ठेवा."

"आता जागा कमी आहे, पण बोल."

"मी एकटी राहायला शिकलेय हो. तीस वर्षं संध्याकाळी दार लावलं की माझी खोली आणि मी. हे दर तासाला चहा आणतात. मी वाचत असले की विचारतात, काय विचार करतेस. सगळ्या वस्तू आधी हुंगून बघतात, माझी पेनंसुद्धा. दारं उघडी टाकतात. दुकानातली माणसं एकदम बोलायला लागली की मला वाटतं दंगल होणार आहे. मी हात आवरते, पण हात आवरत नाहीत. मला कळतंय की मी त्यांचं दुकान बिघडवतेय." तिचा आवाज खाली गेला. "पण त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली, मामा. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला अजून दोन वर्षं हवीत?"

म्हणजे बघा. तो तिच्यासाठी गप्प, ती त्याच्यासाठी गप्प. दोघांच्या चांगुलपणाने मिळून जिल्हा हातचा जाणार आणि वर जन्मभर एका घरात एकमेकांना घाबरत राहायचं. दोन टोकांची दोन गुपितं माझ्या पोटात, आणि माझी प्रकृती अशी की एक गुपित पचायलाच रात्र जाते. तरी मी बोललो नाही. नवरा-बायकोच्या मध्ये बोलणाऱ्याचं काय होतं ते मी आयुष्यभर दुसऱ्यांना करून दाखवलंय.

मुलाखतीला ती राजधानीला गेली. तिथे जे झालं ते तिने सांगितलं, आणि तिने जे गाळलं ते धाकट्या साहेबांनी सांगितलं, कारण निवड मंडळात त्यांचे एक जुने साहेब होते.

मोठी खोली. लांब टेबलापलीकडे पाच जण. अलीकडे मधोमध एक उंच पाठीची खुर्ची, उमेदवारासाठी. आणि टेबलाच्या कडेला भिंतीशी एक साधी खुर्ची, तिथला कारकून कागद द्यायला येऊन बसतो ती. ही आत आली, नमस्कार केला, सरळ चालत गेली आणि कडेच्या खुर्चीवर बसली. पिशवीतून चष्मा काढला, पुढचे कागद सारखे केले आणि म्हणाली, "हं, पहिला विषय काय आहे?"

पाचही जणांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मधल्या रिकाम्या खुर्चीकडे. शेवटी मधले अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची खुर्ची ही आहे."

ती उठली. लाजेने कान तापले होते, ती स्वतः म्हणाली. मधल्या खुर्चीत बसली तर पाठ टेकवेना.

मग प्रश्न झाले. पूर, जमीन, शाळा, दंगल. त्यांची उत्तरं तिला झोपेत येतात. शेवटी टोकाच्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही तीस वर्षं राज्य सेवेत काढलीत. दोन्ही सेवांत फरक काय वाटतो?"

तिने उत्तर दिलं. केंद्राच्या अधिकाऱ्याची नजर दूरवर जाते, राज्याच्या अधिकाऱ्याचे पाय जमिनीवर असतात, दोघं एकमेकांना पूरक, वगैरे.

"हे तुम्ही पाठ करून आलात."

"हो. बेकरीत बसून केलं."

"मग न पाठ केलेलं सांगा."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "मघाशी मी त्या खुर्चीवर जाऊन बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. केंद्रातून आलेलं पंचवीस वर्षांचं पोर या खोलीत आलं तर ते ती चूक करणार नाही. कामात फरक मला फारसा दिसला नाही. एवढाच दिसला."

धाकट्या साहेबांचे जुने साहेब म्हणाले म्हणे की त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही, आणि अध्यक्षांनी पाणी मागवलं.

नाव यादीत लागलं. आणि चार दिवसांत हुकूमही आला: डोंगरापलीकडच्या जिल्ह्याची मुख्य. गाडीने सहा तास. होकार किंवा नकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. गल्लीत आनंदीआनंद. क्लासच्या पोरांनी वर टाळ्या वाजवल्या, कारागिराने त्या दिवशी सगळ्यांना एक बिस्कीट जास्त दिलं. त्याचा आनंद सगळ्यांत खरा होता.

ती शनिवारी आली. रविवारी दुपारी दुकान रिकामं झालं. ती गल्ल्यापाशी स्टुलावर, भाचा कट्ट्यामागे, मी बाकावर, तोंडात टोस्ट.

"उद्या नकार कळवते," ती म्हणाली.

भाचा फडक्याने कट्टा पुसत राहिला. कट्टा स्वच्छ होता.

"बरं," तो म्हणाला.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"तुझी मर्जी."

"माझी मर्जी म्हणजे काय? शब्द दिलाय मी."

"हो ना. दिलायस."

टोस्ट माझ्या घशात अडकला. मी खोकलो, दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. ती पिशवी उचलून उभी राहिली, गाडीची वेळ झाली होती. दोरी अजून दुकानापुढे होती, ती ओलांडायला तिने पाय उचलला, आणि भाचा म्हणाला,

"नको कळवूस."

ती थांबली. "काय?"

"नकार. नको कळवूस."

"का?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "मला भीती वाटते."

"कसली?"

"तू रोज घरी असण्याची."

 तिने पिशवी खाली ठेवली. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला नकोय."

"नको नाही गं. रोज नको."

आता गंमत अशी की ही बाई माझ्याकडे येऊन तेच म्हणून गेली होती, जवळजवळ तेच शब्द. पण तेच दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर जे दुखायचं ते दुखलंच. ती परत स्टुलावर बसली. डोळे भरले, पुसले नाहीत. गाडी गेली.

"तीस वर्षं तुम्ही वाट बघतोय म्हणत होतात."

"बघतच होतो. खोटं नाही. पण वाट बघायची सवय झाली की माणूस वाटेतच घर बांधतो. आठ दिवसांत मला कळलं, मला तुझ्याबरोबर राहता येत नाही. तुझ्यात वाईट काही नाही. मला येतच नाही. कधी केलंच नाही."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मलाही येत नाही."

"काय?"

"मी मामांना सांगितलंय."

दोघं एकदम माझ्याकडे वळले. भाचा म्हणाला, "मी पण मामांना सांगितलं होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" ती मला म्हणाली. जन्मभर मी बोललो म्हणून शिव्या खाल्ल्या. गप्प राहिलो म्हणून पहिल्यांदाच खाल्ल्या. दोघांनी मिळून. तेव्हा त्यांचं सूत जरा जुळल्यासारखं वाटलं.

"दोन वर्षांनी काय?" तिने नवऱ्याला विचारलं. "साठीला तर यावंच लागेल. तेव्हाही भीती वाटली तर? मग कुठे जाऊ मी?"

हा प्रश्न खरा होता. तो उठला, भट्टीचं दार उघडलं, लावलं. परत आला.

"तू पोरांना शिकवतेस ना, नवी भरती. तुझा तो साहेब आपली भाषा शिकला. मलाही घे. मी येतो तिकडे. इथे तू आलीस की मी मालक आणि तू साहेब, जमत नाही. तिथे मी कुणीच नसेन. सोमवारी जातो, बुधवारी परत येतो. कारागीर बघेल दुकान. नाही जमलं तर तसं सांग, पण आतल्या आत घाबरू नकोस. मीही सांगेन."

"नव्या भरतीला कच्चं ठेवतात तो परिविक्षेचा काळ दोन वर्षांचाच असतो," ती म्हणाली. नाक ओढलं. "मध्ये परीक्षा असते."

"नापास झालो तर?"

"मुदत वाढवतात."

सोमवारी तिने होकार कळवला. दोरी भाच्याने सोडली आणि हेडमास्तरीणबाईंना पुन्हा पहिला पाव मिळाला.

पंधरा दिवसांनी तो पहिल्यांदा तिकडे गेला, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात पावांची. सोमवारी संध्याकाळी तिचा मला फोन. "मामा, या माणसाने बंगल्याचं सगळं स्वयंपाकघर हुंगून पाहिलंय. पहारेकऱ्याला विचारतोय, झोप येते का रात्री. बैठक चालू असताना चहा घेऊन आत आला. आठ अधिकारी होते."

"मग?"

"मग काय. सगळ्यांना दिला."

मंगळवारी त्याचा फोन. "मामा, इथे इतकं शांत आहे की मला माझाच आवाज मोठा वाटतो. ती आठ वाजता दार लावून वाचत बसते. मी बाहेर बसलो. दोन तास. आत गेलो नाही."

"शाबास."

"मग तीच बाहेर आली. म्हणाली, काय विचार करताय."

"काय सांगितलंस?"

"कणीक आंबली असेल का, म्हटलं."

बुधवारी दुपारच्या गाडीने तो परत यायचा होता. गुरुवारी सकाळी मी बाकावर जाऊन बसलो तर कट्ट्यामागे कारागीर एकटाच, माणसं एकदम बोलतायत, आणि तो ज्याचं त्याला देतोय.

"मालक कुठे?"

"निरोप आलाय," तो म्हणाला, "आज नाही येत."

"उद्या?"

"ते नाही सांगितलं." आणि त्याने मला गरम पाव दिला.